बोलता न येणारा माणूस हरवतो तेव्हा: अलर्ट यंत्रणा म्हणजे नेमकं काय?

"हरवले आहेत. वय ३४. अंगात निळा शर्ट, पायात चप्पल नाही. बोलता येत नाही. कुणाला दिसल्यास खालील नंबरवर कळवा. जास्तीत जास्त शेअर करा."

हा मेसेज माझ्या चुलतभावाचा आहे आणि तो मीच लिहिला होता. तीन वर्षं झाली त्याला. कापूस वेचणीचे दिवस होते, घरची सगळी माणसं वावरात, आणि दादा दुपारी अंगणातून उठून चालू लागला. त्याला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे, बोलणं नाही. मी घाबऱ्याघुबऱ्या फोटो शोधला, दोन ओळी लिहिल्या आणि गावाच्या ग्रुपवर टाकून दिल्या. तारीख लिहायची राहिली. तालुकाही राहिला. मग यवतमाळ, वर्धा, बडनेरा असे फोन लावत बसलो, दोन मोटरसायकली आर्णीच्या रस्त्यानं धावल्या. ठाण्यात सांगितलं गेलं की माणूस सज्ञान आहे, रागावून गेला असेल, उद्यापर्यंत वाट पाहा. दादा तिसऱ्या दिवशी सकाळी सापडला. घरापासून दीड किलोमीटरवर.

मेसेज मात्र अजून फिरतो आहे. मागच्या महिन्यात मेहकरहून एका भल्या माणसाचा काकांना फोन आला, "भाऊ, तुमचा माणूस इथं बसस्टँडवर बसून आहे जी." काकांनी मान वळवून पाहिलं. दादा ओसरीत शेंगा फोडत बसला होता.

त्या तीन दिवसांनंतर मी या विषयाच्या मागे लागलो. हरवलेल्या दिव्यांग माणसांसाठी जगात काही ठिकाणी सार्वजनिक अलर्टची व्यवस्था आहे. ती चालते कशी, आपल्याकडे त्यातलं काय आहे, काय नाही आणि आपल्या खेड्यांत ती कशी उभी राहील, हे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

## आधी तो भोंगा समजून घेऊ

२०२३ मध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांचे फोन अचानक कर्कश आवाजात वाजले, पडद्यावर 'इमर्जन्सी अलर्ट' अशी पाटी आली आणि अनेकांना वाटलं फोन हॅक झाला. ती चाचणी होती. सी-डॉट या सरकारी संस्थेनं बनवलेली यंत्रणा केंद्र सरकार तपासून पाहत होतं. पूर, वादळ, भूकंप अशा वेळी लोकांना सावध करायला ती आहे. तिला 'सेल ब्रॉडकास्ट' म्हणतात.

एसएमएस आणि सेल ब्रॉडकास्ट यांत फरक काय? एसएमएस म्हणजे पोस्टमन. त्याच्याकडे पत्ते असतात, तो एकेका दारात जातो, पत्रं जास्त झाली की उशीर होतो. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे कोतवालाची दवंडी. कोतवाल चौकात उभा राहून डफडं वाजवतो, आणि ज्याच्या कानावर पडेल त्याला कळतं. कोण ऐकतंय याची यादी त्याच्याकडे नसते. तसंच मोबाइल टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी हाक देतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटवर्क कोंडलेलं असलं तरी निरोप जातो. पुसदचा माणूस त्या क्षणी वणीत असेल, तर त्याला वणीचा अलर्ट येतो, पुसदचा येत नाही.

पण डफडं असलं म्हणून दवंडी होत नाही. दवंडी कशाची द्यायची, कुणाच्या सांगण्यावरून, किती गावांत आणि काम झालं की पुन्हा कुणी सांगायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. अलर्ट यंत्रणेचा जीव त्या ठरवण्यात आहे. आवाज करण्याची साधनं आपल्याकडे आहेत. हरवलेल्या दिव्यांग सज्ञानासाठी ती कुणी, कधी वाजवायची, एवढं कुणी ठरवलेलं नाही.

## अंबर, सिल्व्हर, पर्पल: हे रंग कुठून आले?

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अंबर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं अपहरण होऊन खून झाला. लोकांनी विचारलं, वादळाची सूचना रेडिओवर तातडीनं देता येते, तर पळवलेल्या पोरीची का नाही? त्यातून 'अंबर अलर्ट' आला. तो अठराच्या आतल्या मुलांसाठी. पुढे स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं घर विसरून भटकतात म्हणून राज्याराज्यांत 'सिल्व्हर अलर्ट' निघाला.

मधल्या वयाचं काय? २०१७ मध्ये व्हर्जिनियात अशांती नावाची १९ वर्षांची एक तरुणी पळवली गेली. अंबरसाठी ती मोठी, सिल्व्हरसाठी लहान. तिचा मृतदेह सापडला. २०१८ च्या अखेरीस अमेरिकेनं १८ ते ६४ वयाच्या बेपत्ता माणसांसाठी 'अशांती अलर्ट'चा कायदा केला, तो तिच्याच नावानं. आणि १ जुलै २०२२ पासून फ्लोरिडा राज्यात 'पर्पल अलर्ट' सुरू झाला. बौद्धिक दिव्यांगत्व, मेंदूची इजा अशा कारणांनी ज्याचा बचाव त्याला स्वतःला करता येत नाही, अशा सज्ञान माणसासाठी. म्हणजे माझ्या दादासारख्यासाठी.

प्रत्येक अलर्टमागे एक गेलेला जीव आहे आणि 'हा कोणत्याच खान्यात बसत नाही' हे एकच उत्तर. रंगांची नावं विसरलात तरी चालेल, ते उत्तर विसरू नका, कारण आपल्याकडे ते रोज मिळतं.

## अठरा पूर्ण झाली की काय बदलतं?

आपल्याकडे लहान मूल हरवलं तर कायदा जागा होतो. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सांगितलं की बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीत गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास सुरू करायचा. मुलांसाठी ट्रॅकचाइल्ड पोर्टल आलं, १०९८ ही हेल्पलाइन आहे, रेल्वे स्टेशनांवर वेगळी मोहीम आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, महिलांसाठी १८१ आहे.

आता चौतीस वर्षांचा, बोलता न येणारा पुरुष घ्या. तो यातल्या कोणत्या नंबरात बसतो? त्याच्यासाठी ११२ हा सगळ्यांचाच आणीबाणीचा नंबर आहे आणि ठाण्यातलं मिसिंगचं रजिस्टर आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीनं कुठेही जाऊ शकतो, हे कायद्याचं तत्त्व चांगलंच आहे. पण ज्याला रस्ता ओलांडताना गाडी दिसत नाही, त्याच्या बाबतीत ते तत्त्व 'वाट पाहा' एवढंच होऊन बसतं. वयाचा आकडा बदलला, हरवण्याची रीत तीच राहिली.

ही अठरा वर्षांची रेघ आपल्या भागानं फार आधी ओळखली आहे. अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळच्या वज्झर इथं शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळतात, त्यांना आपलं नाव देतात. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, ही त्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे. बालगृहाच्या दारात जो प्रश्न उभा राहतो तोच मिसिंगच्या रजिस्टरपुढेही उभा राहतो.

इथं एक गैरसमज मोडतो. 'चोवीस तास थांबल्याशिवाय तक्रार घेता येत नाही' असा कोणताही कायदा नाही. माणूस हरवल्याचं लक्षात आलं त्या घटकेला नोंद करता येते. ठाण्यात 'दिव्यांग आहे, स्वतःचं रक्षण करू शकत नाही, बोलता येत नाही' हे शब्द नोंदीत लिहायला लावा, दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा आणि नोंदीचा क्रमांक घेऊनच बाहेर पडा. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. आम्हाला माहीतच नव्हतं.

## असा माणूस जातो तरी कुठे?

हरवलेल्या माणसांच्या शोधाचा जगभर बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातली एक गोष्ट आमच्या घरावर तंतोतंत लागू पडली. आपण हरवलो तर रस्ता विचारतो, मोठ्या रस्त्याकडे जातो, हाकेला ओ देतो. स्मृतिभ्रंश किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेली अनेक माणसं असं करत नाहीत. ती चालत राहतात आणि जिथं अडतात तिथं बसतात. हाक ऐकूनही गप्प राहतात, कधी घाबरून लपतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींना पाण्याची ओढ असते असं पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. आणि बरेच जण शेवटी घराच्या आसपासच सापडतात.

आता हे आपल्या रानात आणून ठेवा. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी कंबर-छातीएवढी असते, तूर माणसाच्या डोक्यावरून जाते. त्यात कुणी बसलं तर दहा पावलांवरच्या पांदणीतून दिसत नाही. कठडा नसलेल्या विहिरी, कॅनॉल, शेततळी जागोजागी. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथं पाण्याशिवाय चालणाऱ्या माणसाकडे दिवस नसतात, तास असतात. जंगलालगतच्या गावांत संध्याकाळनंतर शोधायला जाणाऱ्याचाच जीव धोक्यात. आणि बडनेरा, वर्धा, बल्लारशा अशा जंक्शनांवर माणूस एकदा का गाडीत चढला, की रात्रीतून दुसऱ्या राज्यात.

म्हणून पहिल्या तासात दोन कामं एकदम व्हायला हवीत. घराभोवतीचा दोन-तीन किलोमीटरचा टापू पायी, धुऱ्याधुऱ्यानं पिंजून काढायचा. विहीर, नाला, कॅनॉल सगळ्यांत आधी. आणि त्याच वेळी एसटी, काळीपिवळी आणि रेल्वेला निरोप द्यायचा. रेल्वेसाठी १३९. त्या पहिल्या तासात आम्ही फक्त दुसरं काम केलं आणि तेही अर्धवट.

दादा आम्हाला सापडला नाही, एका गुराख्याला सापडला. बंद पडलेल्या पंपघराच्या मागे तो बसून होता. गुराख्याची शेळी तिकडे गेली आणि परत यायला तयार होईना, म्हणून तो पाहायला गेला. त्यानं बोलावलं तर दादा भिंतीला आणखी चिकटला. मग काकू आली. तिनं घरून स्टीलची ताटली आणि चमचा आणला होता. जेवायच्या वेळी ती वाजवते तशी वाजवत ती धुऱ्यावरून चालत गेली आणि दादा उठून तिच्या मागे चालू लागला. तीन दिवस आम्ही शंभर माणसं त्याचं नाव घेऊन ओरडत होतो. तो नावाला ओ देत नाही, ताटलीला देतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शोधणाऱ्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही.

## जिथं फोनला रेंज नाही तिथं काय वाजणार?

हा प्रश्न रास्त आहे. मेळघाटात, गडचिरोलीत, झरी-जामणीच्या काही पट्ट्यांत रेंज शोधायला टेकडीवर जावं लागतं. साध्या बटणाच्या फोनवर सेल ब्रॉडकास्ट काही वेळा दिसतच नाही. म्हणून अलर्ट एकाच वाटेनं पाठवायचा नसतो.

जपानच्या होक्काइडो बेटावर कुशिरो नावाचं शहर आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं भटकतात म्हणून तिथं १९९४ मध्ये एक जाळं उभं राहिलं. पोलिसांकडे खबर आली की ती टॅक्सीवाले, पेट्रोल पंप, दुकानं, रेडिओ यांच्याकडे जायची. यात नवं यंत्र कोणतंच नव्हतं. जी माणसं दिवसभर रस्त्यावर असतात, त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं एवढंच.

आपल्याकडे रस्त्यावर कोण असतं? एसटीचा कंडक्टर, काळीपिवळीवाला, पानठेलेवाला, दूध गोळा करणारा, जिनिंगचा वॉचमन, आशाताई आणि गुराखी. माझ्या मते गुराखी सगळ्यांत महत्त्वाचा, कारण रानातला कोणता दगड कालच्या जागी नाही हे त्याला कळतं. मंदिराचा भोंगा आहे, ग्रामपंचायतीचा लाउडस्पीकर आहे. पोलीस पाटील आहेत, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं गावातली खबर ठाण्यापर्यंत पोचवणं हे त्यांचं कामच आहे. राज्याच्या बऱ्याच भागांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' वापरली जाते. त्यात एका ठरलेल्या नंबरवर फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगितला, की तो गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून जातो. चोर, बिबट्या, आग यांसाठी लोक ती वापरतात. निरोप बोलून जातो, म्हणून वाचता न येणाऱ्यालाही कळतो. तुमच्या गावात ती असेल तर हरवलेल्या दिव्यांग माणसासाठी ती वाजवायची, एवढं ठरवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

## व्हॉट्सअ‍ॅप आहे की, आणखी काय हवं?

व्हॉट्सअ‍ॅपनं माणसं सापडली आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्या मेसेजला मालक नसतो. तो खरा की खोटा हे कुणी तपासलेलं नसतं, त्याला तारीख नसते, आणि मुख्य म्हणजे तो बंद करता येत नाही. मेहकरच्या त्या भल्या माणसानं स्वतःचा वेळ, पैसा खर्चून फोन केला. पुढच्या वेळी खऱ्या मेसेजवर तो फोन करील का?

दक्षिण कोरियानं जून २०२१ पासून हरवलेली मुलं, दिव्यांग आणि स्मृतिभ्रंश झालेली माणसं यांच्यासाठी त्या-त्या भागातल्या फोनवर पोलिसांकडून संदेश पाठवायला सुरुवात केली. वय, उंची, अंगातले कपडे आणि खबर द्यायचा नंबर. माणूस सापडला की दुसरा संदेश येतो: नागरिकांच्या मदतीनं अमुक व्यक्ती सुखरूप सापडली, धन्यवाद. हा दुसरा संदेश मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. त्यानं शोध संपतो, आणि लक्ष दिलं त्याचा उपयोग झाला हे लोकांना समजतं.

मालक नसलेल्या मेसेजचा दुसरा धोका फार भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याआधी मोबाइलवर अफवा फिरत होत्या. अनोळखी गावात पोचलेला, नाव सांगता न येणारा, पोरांकडे पाहून हसणारा माणूस अशा दिवसांत कुणाच्या हाती लागला तर काय होईल, याचा विचार मी दादा हरवला त्या रात्री करत होतो. 'हा माणूस अमुक गावचा आहे, बोलता येत नाही, कुणाला त्रास देत नाही' हा निरोप पोलिसांच्या नावानं त्याच्या आधी गावात पोचला, तर तो त्याची ढाल होतो.

## रोज भोंगा वाजला तर लोक ऐकतील का?

नाही ऐकणार. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. फोनची सेटिंग बंद करायला दोन मिनिटं लागतात, आणि एकदा बंद केली की पुराचा अलर्टही गेला.

म्हणूनच चांगल्या यंत्रणांत निकष कडक असतात. दिव्यांगत्व खरं आहे का, जिवाला धोका आहे का, वर्णन इतपत आहे का की पाहणाऱ्याला ओळखता येईल? हे पोलीस तपासतात, मगच अलर्ट. आणि तो लहान टापूत. पायी गेलेल्या माणसासाठी सुरुवातीला दोन-तीन टॉवरचा घेर पुरतो. गाडीत चढल्याची खबर आली तर रेल्वेमार्गावरच्या स्टेशनांचा. नागपूर शहराला झोपेतून उठवायची गरज नाही. सगळ्याच अलर्टना भोंगा नको, हेही खरं. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये बेपत्ता आणि धोक्यात असलेल्या माणसांसाठी एक वेगळा सांकेतिक कोड मंजूर झाला, तो याच विचारानं, की वादळाचा इशारा आणि माणसाचा शोध एकाच पोत्यात कोंबू नये.

## घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?

या आक्षेपाशी मी सर्वांत जास्त झगडलो. दादानं मला त्याचा फोटो गावभर लावायची परवानगी दिलेली नव्हती. तो देऊही शकला नसता. आता त्याचा तो फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, हे मला ठाऊक नाही.

दुसरी बाजू आणखी अवघड. दिव्यांग माणूस कधी कधी हरवलेला नसतो, पळून गेलेला असतो. घरात मार असतो, उपासमार असते, पेन्शनच्या पैशासाठी डांबलेलं असतं. दिव्यांग बाई असेल तर आणखी काय काय असतं. अशा माणसाला अलर्ट काढून परत त्याच घरात आणून सोडणं म्हणजे आपल्या हातानं त्याला कोंडणं.

याचं उत्तर नियमात शोधावं लागतं. अलर्टमध्ये ओळखण्यापुरतं सांगायचं. आजाराचं नाव, प्रमाणपत्रावरची टक्केवारी, औषधं हे पोलिसांपाशी राहील. माणूस सापडला की फोटो उतरवायचा. आणि सापडलेल्याला घरच्यांच्या हवाली करण्याआधी पोलिसांनी त्याच्याशी वेगळं बोलायचं, गरज पडली तर सांकेतिक भाषा जाणणाऱ्याला किंवा विशेष शाळेतल्या शिक्षकांना बोलावून. ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगावरचे वळ बोलतात, ते पाहायचे. घरी न्यायला आलेल्या माणसाचा हक्क काय, हेही विचारायचं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञानांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. आमच्या घरानं तो अर्ज दादा सापडल्यानंतर केला. अठराव्या वर्षीच करायला हवा होता.

## सापडला, पण हा आहे कोण?

गावात चुकार जनावर आलं तर काय करायचं हे १८७१ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. कोंडवाड्यात न्यायचं, नोंद करायची, मालकाची वाट पाहायची. चुकलेला माणूस आला तर? बहुतेक गावांत त्याला चहा-पोळी देतात आणि संध्याकाळी एसटीत बसवून पुढच्या गावी पाठवतात. दया म्हणून केलेली ही गोष्ट त्याला घरापासून आणखी पन्नास किलोमीटर लांब नेते. कृपा करून असं करू नका. ११२ लावा.

कायदा इथं स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० सांगतं की मानसिक आजार असलेली, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना दिसली तर पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि बेपत्ता व्यक्ती म्हणून गुन्हा नोंदवून तिचं घर शोधणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. आपल्या भागासाठी नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या कामासाठी कर्जतचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारानंतर रुग्ण हळूहळू गावाचं नाव सांगू लागतो, त्या धाग्यावरून घर गाठायचं, असं ते काम.

ज्याला कधीच सांगता येणार नाही, त्याचं काय? इथं नागपूरचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. बिहारमधल्या खगडिया जिल्ह्यातला, बोलता-ऐकता न येणारा एक मुलगा नोव्हेंबर २०१६ मध्ये नागपूर स्टेशनवर सापडला. सहा वर्षं तो इथल्या अनाथालयात राहिला. २०२२ मध्ये त्याचं आधार काढायला नेलं तर अर्ज पुढे सरकेना, कारण त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते. त्यावरून जुनं आधार सापडलं, घर सापडलं, तोवर तो एकवीस वर्षांचा झाला होता.

यावरून लोक म्हणतात, मग पोलिसांनी सगळ्यांची बोटं लावून पाहावीत. तसं होत नाही. आधारची रोजची तपासणी 'हा नंबर याचाच का' एवढंच सांगते. 'हा कोण' हे ती सांगत नाही आणि ठसे कुणाला देण्याची कायद्यानं मुभा नाही. नवीन नोंदणी करताना मात्र यंत्र सगळ्यांशी पडताळून पाहतं, आणि तिथं हा धागा सापडला. म्हणून घरातल्या दिव्यांग माणसाचं आधार लहानपणी काढलं असेल तर ठसे आणि डोळे अपडेट करून घ्या. बारा-पंधरा वर्षांनी तेच एखाद्याला घरी आणेल.

## तोवर आपल्या हातात काय आहे?

ब्रिटनमध्ये 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा एक साधा कागद आहे. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले जॉर्ज हर्बर्ट म्हातारपणी स्मृतिभ्रंशानं आपलं लहानपणचं घर शोधत निघाले आणि त्यातच गेले. त्यांच्या नावानं हा फॉर्म आला. माणूस हरवायच्या आधी घरच्यांनी तो भरून ठेवायचा, हरवला की पोलिसांच्या हातात द्यायचा. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी काही आठवत नाही, मला तारीख आठवली नव्हती, म्हणून तो शांतपणी लिहायचा.

आम्ही तसाच एक कागद मराठीत केला आहे. त्यावर उंची, अंगावरच्या खुणा, औषध चुकलं तर काय होतं, हे आहेच. पण खाली काकूनं सांगितलेल्या ओळी आहेत. कुत्र्याला भितो. ट्रॅक्टरच्या आवाजाकडे जातो. रेल्वे आवडते. आठवडी बाजारातला भज्यांचा गाडा त्याला माहीत आहे, तिथं आधी पाहा. आधीचं घर पाडलं तरी अधूनमधून त्या जागेवर जातो. नावानं ओरडू नका, गर्दी करू नका, दंडाला धरू नका. ताटलीवर चमचा वाजवा.

कागदाच्या चार प्रती आहेत. एक पोलीस पाटलांकडे, एक आशाताईंकडे, एक ठाण्यात बीट जमादारांकडे सही घेऊन दिलेली, एक आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. दादाच्या हातात स्टीलचं कडं आहे, त्यावर दोन फोन नंबर कोरलेले. नाव कोरलं नाही, कारण नावानं हाक मारून कुणीही त्याला नेऊ शकतो. ज्यांना कडं सहन होत नाही त्यांच्या शर्टाच्या आतल्या शिवणीत पट्टी शिवता येते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. गावातल्या सगळ्या दिव्यांग घरांसाठी असे कागद आणि कडी त्यातून करा, अशी मागणी आम्ही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लेखी दिली आहे. गावात अशी अकरा घरं निघाली. मोजेपर्यंत आम्हाला वाटत होतं, तीन-चार असतील.

कागदावरचा फोटो आम्ही दर दिवाळीला बदलतो. या वर्षी दादाची दाढी पांढरी व्हायला लागली आहे.